सोनवणेभाऊंची सहा इंची पट्टी

परवा नात मोबाइलवर कॉलेजचा फॉर्म भरत बसली होती. मी शेजारी शेंगा सोलत होते. कॉलेजांची ही लांबलचक यादी. तिने एका नावावर बोट ठेवलं, ती ओळ निळी झाली. आता पुढचं बटण दाबणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "थांब! आधी नाव मोठ्याने वाच."

"आजी, निळं झालंय ना. दिसतंय की."

"दिसतंय म्हणूनच वाच."

माझं मन राखायला तिने वाचलं. मग म्हणाली, "ही सवय तुला कुणी लावली गं?"

एका माणसाने, एवढंच म्हटलं आणि शेंगा घेऊन उठले. मला बोलणं अर्धवट सोडून उठलेलं आमच्या घरात कुणी फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे पोर चमकलीच. तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. मी सातवी पास, पुढचं सगळं आपलं आपण वाचून शिकलेली. त्यामुळे लिहिणं बोलण्यासारखंच होणार, सांभाळून घ्या.

तर सोनवणेभाऊ. दामोदर सोनवणे. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात आमचे हे होते, तिथेच भाऊ ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. म्हणजे साहेबाने काढलेलं चित्र वर पारदर्शक कागद ठेवून जसंच्या तसं उतरवून काढायचं. बत्तीस वर्षं तेच केलेला माणूस. बारीक अंगाचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी स्टीलची सहा इंची पट्टी. पेन कधी विसरतील, पट्टी नाही. ह्यांच्याशी मैत्री, म्हणून मला वहिनी म्हणायचे.

त्या पट्टीचा उपयोग एकच. यादी वाचायची असली की वाचायच्या ओळीखाली ती आडवी ठेवायची. मतदार यादी असो, रेशनची असो, विहाराच्या फळ्यावर लावलेली दहावीच्या मुलांची असो. पोरं फळ्यापुढे ढकलाढकली करत असायची. भाऊ आले की आपोआप वाट व्हायची. "नाव सांग." पट्टी फळ्यावर टेकायची, सावकाश खाली सरकायची, थांबायची. "हां. हा तू. वरचा नाही, खालचा नाही. आता मोठ्याने वाच." पोराने वाचल्याशिवाय पट्टी उचलायचे नाहीत. मार्क कमी असले तर पोरगं मनातल्या मनात वाचायला बघायचं. भाऊ म्हणायचे, "मोठ्याने. कमी असले तरी तुझेच आहेत ना?"

"डोळा घसरतो, वहिनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "माणूस खोटं बोलत नाही, डोळा घसरतो. एका ओळीचा फरक, पण तिकडे कुणाचं तरी सगळं बदलतं."

एकदा आमच्याकडे चहाला बसले होते. मी सहज विचारलं, ही पट्टीची भानगड कधीपासून? ते हसले नाहीत. म्हणाले, नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका तक्त्यातून माप उतरवताना खालच्या ओळीतलं उतरवलं. त्या मापाने माल निघाला, सगळा भंगारात गेला. ठपका आला मशीनवरच्या टर्नरवर. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, माझं आहे म्हणून. पण बोललो नाही. तीन दिवस जेवण उतरलं नाही. चौथ्या दिवशी साहेबाला जाऊन सांगितलं."

"मग?"

"मग काय, वर्षभर पगारवाढ बंद. पण त्या दिवशी घरी येऊन दोन ताटं जेवलो, वहिनी. आईला वाटलं प्रमोशन मिळालं."

आम्ही तिघंही खूप हसलो तेव्हा. पुढे ही गोष्ट मला किती वेळा आठवणार आहे, हे ठाऊक असतं तर हसले नसते.

आमचं वधू-वर सूचक मंडळ होतं. आपल्या समाजातल्या मुलामुलींसाठी. विहारामागची एक खोली, एक कपाट, दोन जाडजूड रजिस्टरं, आणि सचिव मी. हे गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मी त्यात जीव घातला होता. मुलींची नावं, शिक्षण, उंची, अपेक्षा, सगळं मला पाठ. ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. भाऊ तेव्हा रिटायर झालेले. एक दिवस येऊन म्हणाले, "वहिनी, रजिस्टर फाटत चाललंय. आपण कॉम्प्युटरवर पान करू. यादी दिसेल, नावावर टिचकी मारली की पत्र छापून निघेल."

"कोण करून देणार?"

"मी."

मी हसलेच. साठीचा माणूस! पण ते शेअर रिक्षाने रोज उल्हासनगरला, कॅम्प तीनला जायला लागले. तिथे जीन्सच्या दुकानांच्या माळ्यावर हरेश नावाच्या सिंधी पोराचा सायबर कॅफे होता. त्याच्याकडून, पुस्तकांतून, धडपडत शिकले. त्यांची सगळी अडचण एकाच गोष्टीत होती. निवडलेली ओळ रंगली पाहिजे. "कागदावर पट्टी ठेवता येते, काचेवर कशी ठेवणार? मग रंग हीच पट्टी."

एकदा मीही गेले त्यांच्याबरोबर बघायला. भाऊंनी एका नावावर टिचकी मारली, ओळ पिवळी झाली. दुसऱ्यावर मारली, तीही पिवळी. पण पहिली पिवळीच राहिली. तिसरी, चौथी. थोड्या वेळाने अख्खी यादी पिवळी.

हरेश खुर्चीवर मागे रेलून म्हणाला, "काका, आप तो सबकी शादी एकसाथ करा दोगे!"

"थांब रे बाबा. उतरवायचं कसं ते सांग."

"वो आपको बोलना पडेगा ना उसको. नया वाला रंगने से पहले पुराने का रंग निकाल. अपने आप नहीं निकालता वो."

भाऊंनी वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा वहिनी, नवं निवडायचं तर आधी जुनं सोडायचं, हे यंत्रालाही समजावून सांगावं लागतं. आपल्या स्थळवाल्यांना कोण समजावणार?"

आठवडाभराने जमलं एकदाचं. एका वेळी एकच ओळ पिवळी. लोणच्याच्या फोडीसारखी उठून दिसायची. भाऊ कितीतरी वेळ एकामागून एक नावांवर टिचक्या मारत बसले होते, लहान मुलाने दिव्याचं बटण खालीवर करावं तसं.

मग झाली मंडळाची बैठक. अध्यक्ष साळवेसाहेब, आम्ही पाच-सहा जण. कुणीतरी जुना कॉम्प्युटर मंडळाला दिला होता, त्यावर भाऊंनी पान दाखवलं. सगळ्यांनी कौतुक केलं. तेवढ्यात एक जण म्हणाला, "काय भाऊ, पिवळा? पानावर हळदीकुंकू ठेवलंय काय?"

हशा पिकला. आणि मी, मीच म्हणाले, "खरंच की! निळा करा ना. आपला निळा."

भाऊ म्हणाले, "करतो. त्यात काय."

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मला टाळ्या मिळाल्या होत्या. मी म्हटलं, "आणि एकच ओळ निळी का? बाकीच्या मुली काय परक्या आहेत? सगळी यादीच निळी करा. पान उघडलं की कसं झेंड्यासारखं दिसलं पाहिजे."

"वहिनी, सगळंच निळं केलं तर निवडलेलं कोणतं ते कळणार कसं?"

"मग निवडलेलं जरा गडद करा!"

साळवेसाहेब म्हणाले, "वा! सचिवबाईंची सूचना मान्य." ठराव झाला. आता सांगा, ओळीच्या रंगावर ठराव करणारं आमचंच मंडळ असेल. पण तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

हरेशच्या कॅफेतल्या नव्या पडद्यावर गडद आणि फिका निळा वेगळे दिसायचे. आमचा पडदा जुना, विटलेला. उद्घाटनाच्या दिवशी भाऊ पडद्याला नाक लावून बघत होते. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, इथे दोन्ही निळे एकच दिसतायत. मी आजच पिवळा करून देतो, कुणाला कळणार पण नाही."

"नको हो. आत्ता तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. मला दिसतंय नीट."

मला दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला होता आणि ते मी घरीही सांगितलं नव्हतं.

भाऊंनी खिशातली पट्टी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "मग ही ठेवा. काचेला टेकवायची. आणि बटण दाबायच्या आधी नाव मोठ्याने वाचायचं. माझं ऐका एवढं."

त्यांनी पट्टी दुसऱ्याच्या हातात दिलेली मी कधी पाहिली नव्हती. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला आला राग. पडद्याला पट्टी लावून वाचायला मी काय पहिलीतली पोर आहे? ते गेल्यावर पट्टी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

दोन महिने सगळं छान चाललं. मग एका दुपारी बदलापूरचं एक कुटुंब आलं. मुलगा, आई, मामा. रजिस्टरमधले फोटो बघून अंबरनाथचीच एक मुलगी त्यांना पसंत पडली. सत्तावीस नंबर. पत्ता त्यांनी रजिस्टरमधूनच उतरवून घेतला. येत्या रविवारी बघायला येतो, असं मुलीकडे कळवा म्हणाले. ते पत्र मंडळाने धाडायचं. मुलाची आई बोलकी, मीही बोलकी. तिच्याकडे बघून काहीतरी सांगत सांगत मी टिचकी मारली, बटण दाबलं. पत्र छापून आलं, खाली पत्ताही छापलेला. त्या दिवशी तीन पत्रं होती. घडी घातली, पत्ते कापून पाकिटांवर डकवले, पोस्टात टाकली. एकही नाव वाचलं नाही.

पत्र गेलं सव्वीस नंबरला.

सव्वीस नंबर म्हणजे रंजना पगारे, कॅम्प तीनची. जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर होती. तिशी उलटलेली. सहा वर्षं तिचं नाव आमच्याकडे होतं. लोक यायचे, चहा घ्यायचे, "कळवतो" म्हणायचे. मधली दोन वर्षं तर कुणी आलंच नव्हतं. आणि अचानक मंडळाचं छापील पत्र, रविवारी पाहुणे येत आहेत.

सोमवारी तिचे वडील आले. मी खोलीत एकटीच. म्हातारा माणूस, पत्र घडी न मोडता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. आवाजही चढवला नाही त्यांनी.

"बाई, हे पत्र खरं आहे ना?"

"हो... खरं आहे."

"आम्ही रात्र पडेपर्यंत वाट बघितली. आमचं काही चुकलं का? फोटो बघून नको म्हणाले असले तर तसं सांगा. पण येतो म्हणून..."

पत्र हातात घेतलं आणि नाव वाचलं. मोठ्याने नाही, मनात. चौकशी करून कळवते, म्हणाले आणि त्यांना वाटेला लावलं. तासाभराने बदलापूरचे मामा आले, ते मात्र ओरडतच. रविवारी ते सांगितल्याप्रमाणे अंबरनाथच्या मुलीकडे गेले, तर दाराला कुलूप. घरचे सगळे कुणाच्या तरी बारशाला. "पत्र नाही, निरोप नाही! मंडळ चालवता का चेष्टा करता?"

संध्याकाळी साळवेसाहेबांनी तातडीची बैठक बोलावली. खोलीत माणसं मावेनात. साहेबांनी टेबलावर पत्र ठेवलं. "ही चूक कोणाची?"

मी सचिव. कॉम्प्युटरला माझ्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. सांगते तुम्हाला, शब्द अगदी जिभेवर होते. पण मनात आलं, आता हे काम काढून घेतील. हे गेले, मुलगा त्याच्या संसारात. सकाळी उठून जायला हीच एक खोली. मग कुठे जाऊ? तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "त्या पानातच गडबड आहे. एकाला दाबलं की दुसरं निघतं." दुसरा म्हणाला, "मी म्हणतच होतो, साठीला कॉम्प्युटर शिकतात का?"

भाऊ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग टेबलाच्या ड्रॉवरकडे. ड्रॉवर अर्धवट उघडा होता आणि पट्टी आत पडलेली, धूळ बसलेली. त्यांनी ती बघितली, हे मी बघितलं.

म्हणाले, "पान मी केलंय. जे ठळक दिसायला पाहिजे ते दिसलं नाही, ही करणाऱ्याची चूक. माझी."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाईला वाईट वाटलंय. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. ते मी प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर परत सुरू झालं. पोरं कुचेष्टेने म्हणायला लागली, "पट्टीवाल्याचीच पट्टी हुकली." पुढे दहावीचा निकाल लागला, विहारात यादी लागली, तर पोरं आपली आपण बघत होती. भाऊ आले. कुणी वाट करून दिली नाही. मागे उभे राहिले थोडा वेळ आणि गेले. त्या माणसाचं आयुष्यभराचं मिळवलेलं एवढंच तर होतं, की याने सांगितलेलं नाव चुकत नाही. ते मी घालवलं.

बैठकीनंतर चार-पाच दिवसांनी भाऊ रंजनाच्या घरी जाऊन आले होते. माफी मागायला. मला ते रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, "काय म्हणाली पोरगी?"

"चहा दिला. म्हणाली, काका, राग नाही. फक्त शेजारच्या काकूंकडून चार खुर्च्या आणल्या होत्या. परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, आले होते का गं पाहुणे? मी म्हटलं, हो, आले होते."

एवढं सांगून भाऊ माझ्याकडे बघत थांबले. रागाने नाही. फळ्यापुढे पोराने वाचायची वाट बघत थांबायचे ना, तसे. मी म्हटलं, "अरेरे." आणि भाजी घ्यायचीय म्हणून निघाले.

तीन दिवस माझंही जेवण उतरलं नाही. पण चौथ्या दिवशी मला भूक लागली, भाऊ. हेच तर सांगायचं राहिलं. न बोलताच भूक लागली, आणि मी जेवले.

त्या वर्षाअखेर ते मुलाकडे बदलापूरला राहायला गेले. सामान टेम्पोत चढताना मी गच्चीवरून बघितलं. खाली उतरले नाही. रंजनाचं लग्न पुढे झालं, नाशिककडे दिलं, असं कानावर आलं. आमच्या मंडळाकडून नाही झालं.

तीन-चार वर्षांनी ह्यांच्या पेन्शनचं खातं बदलापूरच्या शाखेत गेलं, मीही तोवर मुलाबरोबर तिकडे आले होते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला गेले. बँकेत म्हाताऱ्यांची ही रांग. कोपऱ्यात एक टेबल टाकलेलं, त्यावर पेन्शनवाल्यांची लांब यादी. आणि टेबलामागे सोनवणेभाऊ. केस पूर्ण पांढरे, चष्मा जाड. बँकेचे कुणी नव्हते ते, आपणहून येऊन बसायचे.

रांग सोडून परत फिरावं असं वाटलं. पण मागची बाई म्हणाली, "चला ना हो पुढे," आणि मी टेबलापुढे पोचलेच.

"वहिनी! जय भीम. बसा, बसा. गुडघे कसे आहेत?"

जसं काही कालच भेटलो होतो. त्यांनी यादी उलगडली. खिशात पेनाशेजारी काहीच नव्हतं. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची एक पट्टी होती, कुठल्याशा लग्नपत्रिकेतून उभी कापलेली, वापरून कडा मऊ पडलेल्या. स्टीलची पट्टी माझ्या घरी, माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होती. मंडळ सोडताना मी ती घेऊन आले होते. का, ते विचारू नका.

पुठ्ठा सावकाश खाली सरकला आणि थांबला. "हां. ह्या तुम्ही. वरचं नाही, खालचं नाही. वाचा मोठ्याने."

मी माझं नाव वाचलं.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमची पट्टी... त्या दिवशी बैठकीत..."

त्यांनी वर बघितलं नाही. पुठ्ठ्यावरचं बोट तसंच दाबून धरलं. "आधी सही करा, वहिनी. हलली तर परत शोधावं लागेल."

मी सही केली. मागच्या बाईने लगेच आपलं पासबुक पुढे केलं आणि भाऊंचा हात पुढच्या नावाकडे गेला. मी उठले. बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर टेकले, गुडघे दुखतात म्हणून. आतून त्यांचा आवाज येत होता. "बोट इथे ठेवा. हां. आता मोठ्याने." आणि आतली एकेक म्हातारी माणसं, कुणी खोकत, कुणी लाजत, आपापलं नाव मोठ्याने घेत होती.